तिकिटं संपली होती

कॉलेजात असताना मी आणि माझी रूममेट एक बँड एकाच इयरफोनवर ऐकायचो. एक कान तिचा, एक माझा. त्यांची गाणी लग्नात वाजण्यासारखी नव्हती आणि रेडिओवरही लागायची नाहीत. शेवटच्या वर्षी ते पुण्यात आले. तिकिटं आणायला ती गेली आणि संपली म्हणून हात हलवत परत आली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकीने सांगितलं की माझी रूममेट आत होती, सोबत तिची कुणी मैत्रीण होती. मी तिला काही विचारलं नाही. तेरा वर्षं विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तोच बँड लोणावळ्यात येणार म्हणून तिचा नागपूरहून फोन आला. ती तिथे कॉलेजात शिकवते. मी मूळची पवनानगरची, आता वराळ्यात राहते आणि मावळात जमिनीचे व्यवहार जुळवते. ऑफिस, गाडी, हाताखालची दोन माणसं, सगळं माझं मी उभं केलं आहे. "ये, लोणावळाही दाखवते," असं म्हणाले. खरं तर मला तिच्या तोंडून त्या तिकिटांचं ऐकायचं होतं.

आमच्या धंद्यात आपलं सांगून झालं की गप्प बसतात. समोरच्याला शांतता सोसत नाही. तो बोलत सुटतो आणि नको ते बोलून जातो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी स्टेशनवरून तिला गाडीत घेतलं आणि म्हणाले, "पुण्यातला तो कार्यक्रम माझा राहूनच गेला बघ." मग गप्प बसले.

ती बोलली, पण मुलांच्या परीक्षा, सासूचे गुडघे, नागपूरचं ऊन यांच्याबद्दल. कार्ल्याला रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. शेतात भाताचे भारे पडले होते. तिने एका झाडाचं नाव विचारलं, ते मला सांगता आलं नाही. त्या झाडामागच्या जागेचा मालक कोण आणि रस्ता किती फुटी, एवढं मला माहीत होतं. भुशी धरणाच्या पायऱ्या कोरड्या होत्या. तिथे ती पंधरा मिनिटं बसली. मी गिऱ्हाइकाला तिथे कधी नेत नाही, त्यामुळे मीही खूप दिवसांनी बसले.

कार्यक्रम दुपारी चारला होता. पार्किंग कापणी झालेल्या भाताच्या खाचरात केलं होतं. तिथल्या माणसाने सांगितलेला आकडा ऐकून माझं डोकं फिरलं.

"भाऊ, गाडी लावायची आहे. खाचर विकत घ्यायचं नाही."

"मावशी, पुन्याची मान्सं मुकाट देत्यात."

"मावशी कुणाला म्हणतोस? मी पवनानगरची हाये. ह्या खाचरात दगडं किती ते बी सांगते."

तो हसला. "आता वळखलं. द्या मग निम्मं."

मी वळून पाहिलं तर ती वीस पावलं लांब उभी राहून मोबाइल बघत होती. मोबाइल उलटा धरला होता.

बँडमधली माणसं जाड झाली होती. ड्रम वाजवणाऱ्याचे केस गेले होते. पण गाणाऱ्याचा आवाज तसाच होता, थोडा कंटाळल्यासारखा. सगळे उभे होते, आम्हीही. तिसरं गाणं सुरू झालं तशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पुण्यात सुरुवातच या गाण्याने केली होती."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

गाणं संपून टाळ्या थांबेपर्यंत मी धीर धरला. मग तो सुटला. "दोन तिकिटं व्हती! व्हती का न्हाई?"

पुढच्या दोन रांगांनी मागे पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "होती."

"मग मला का नाही नेलंस?"

"तू तिथे गेटवर भांडली असतीस. पाण्याच्या बाटलीवरून, खुर्चीवरून. अशीच, सगळ्यांसमोर." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मला लाज वाटायची गं. तेव्हा."

"आणि मघाशी, गाडी लावताना?"

यावर मात्र ती गप्प राहिली. मीही राहिले, पण आता माझ्या गप्प राहण्यात कसलाही डाव नव्हता. तेरा वर्षं मला वाटत होतं की तिला दुसरी मैत्रीण जास्त जवळची होती. त्याचा राग मी सांभाळून ठेवला होता. तो आता उपयोगाचा नव्हता. नवा राग त्याहून मोठा होता आणि त्यात तिचा एकटीचा दोष आहे, असंही म्हणता येईना.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "परतीची सहाची गाडी सोडू का? आज तुझ्याकडे राहते. बोलू सगळं."

खरं तर सकाळीच मी तिच्यासाठी खोली आवरून ठेवली होती.

"नको," मी म्हणाले. "गाडी चुकेल तुझी. गेटवर रिक्षा मिळेल."

तिने पर्स खांद्याला लावली, जरा वेळ थांबली आणि माणसांमधून वाट काढत गेली. मी तिला सोडायला गेले नाही. बँडची अजून चार-पाच गाणी बाकी होती. मी पुढे सरकत सरकत स्टेजजवळ जाऊन उभी राहिले.