आयडेलाचं अकरावं काम

आयडेला क्राउस आणि मी हॉलिवूडात प्रुइटबाईंच्या घरी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती नेब्रास्काची, आईच्या कोंबड्यांमागे धावत वाढलेली. १९३४ साली आली आणि माझ्यासारखीच सिनेमात गर्दीतली कामं करू लागली. कधी टेलिफोनवरची मुलगी, कधी पाठमोरी करवली. पडद्यावर आमची नावं येत नसत. तरी आयडेला दर वेळी आईला कळवायची, "डावीकडून तिसरी, टोपीवाली मी." गावात तो सिनेमा लागला की आईचं उलट पत्र यायचं, "टोपी दिसली. तू नाही दिसलीस."

अकरावं काम नर्सचं होतं. मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी ट्रे धरून उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्याचं काम करणारे होरेस टिलबरी मूकपटांतले मोठे नट. बोलपट आले आणि संवाद काही त्यांच्या डोक्यात राहीनात. त्या दिवशी ते एकाच वाक्यावर नऊदा अडले. मी दाराशी दुसरी नर्स म्हणून उभी होते.

दहाव्यांदा ते म्हणाले, "माझ्या मुलाला सांगा, मी..." आणि थांबले.

"वाट पाहिली," कुणीतरी हळूच सांगितलं. टिलबरींनी वाक्य पुरं केलं.

ध्वनिमुद्रकाने हात वर केला. "कुणीतरी कुजबुजलं!"

"कोण ते?" दिग्दर्शक कडाडला.

मी आयडेलाला डोळ्यांनी दटावलं, गप्प बस. पण ती म्हणाली, "मी, साहेब. ऐकून ऐकून पाठ झालं."

"तुला बोलायला कुणी सांगितलं? चालती हो!"

तिने ट्रे खाली ठेवला. तेवढ्यात टिलबरी पलंगावर उठून बसले. "मग मीही निघतो. अहो, रोगी मरायला टेकलाय, शब्द विसरणारच! नर्सने सुचवला तर बिघडलं कुठे?"

सेटवर खसखस पिकली. दिग्दर्शकाने ट्रे उचलून तिच्या हातात परत दिला. म्हणाला, "मोठ्याने बोल. आणि तोंड कॅमेऱ्याकडे ठेव."

चार महिन्यांनी आईचं पत्र आलं. "नावं सुरुवातीलाच भराभर जातात, माझी नजर चुकली असेल म्हणून दुसऱ्या खेळालाही बसले. तुझं नाव नव्हतं. पण तू बोललीस, आणि शेजारीण माझ्याकडे वळून ओरडली, 'अगं ऑर्फा, ही तर आपली पोर!'" आयडेलाने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्या वर्षी कंपनीने तिला करारावर घेतलं आणि आडनाव बदलून 'क्रेन' केलं. नाव पडद्यावर झळकलं तेव्हा आईने लिहिलं, "ही क्रेन कोण? बापाचं नाव कुठे टाकलंस?" आयडेलाने जुनं आडनाव परत मागून पाहिलं. कंपनीने ऐकलं नाही.

मी तोवर त्याच कंपनीच्या शिवणखात्यात लागले होते. तिच्या प्रत्येक झग्याच्या आत, कॉलरखाली, मी 'क्राउस' असंच शिवायची. तिने सांगितलं नव्हतं, पण कधी उसवायलाही लावलं नाही.