पन्नास हात, दोन ठोके

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कंगव्यात केस अडकावेत तसे ते अडकत जातात, रोज एखाद-दुसरा. मग एक दिवस कंगवा उलटा धरून बघावं, तर हा एवढा गुंता! आमच्या लॅबचा असाच गुंता माझ्या डोक्यात झालाय. आज जरा सोडवायला बसते.

लॅब महाळुंग्यात. एका बाजूला गाड्यांचे ब्रेक बनवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला सीट शिवणारी, आणि मधे आम्ही, बायकांच्या सुरकुत्या मोजणारे! मोठमोठ्या कंपन्या क्रीम, तेल, शाम्पू बनवतात आणि खरंच काही फरक पडतो का ते बघायला आमच्याकडे पाठवतात.

मी शकुंतला. सगळे शकूताई म्हणतात. राहायला कासारवाडीत, शाळा चौथीपर्यंत. इथे लागले ती बाटल्या धुवायला. एकदा कामाची गर्दी होती म्हणून आमच्या सायंटिस्ट मेघना मॅडमनी केसांची एक बट विंचरायला दिली. मग दुसरी दिली, तिसरी दिली आणि बघतच राहिल्या.

"शकूताई, तुमचा हात दर वेळी सारखाच कसा पडतो?"

म्हटलं, "तीन पोरींच्या वेण्या घातल्यात मॅडम, शाळेची घंटा व्हायच्या आत. हात कमी-जास्त पडला असता तर एक तरी रडत शाळेत गेली असती!"

तेव्हापासून सहा वर्षं विंचरणं माझ्याकडे. शाम्पूने धुतलेली बट क्लिपला टांगायची, खाली पांढरा कागद ठेवायचा, कंगव्याचे पन्नास हात मारायचे आणि तुटून पडलेले केस मोजायचे. कमी तुटले तर शाम्पू चांगला. सायन्स एवढंच आहे. बाकीचं इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणून मॅडम लागतात.

यंदा विंचरायची मशीन आली. मॅनेजर पाटील सरांनी तोंडावर सांगितलं, "शकूताई, मशीन पास झाली की तुम्ही परत बाटल्यांकडे."

बाटल्या धुण्यात कमीपणा नाही. पण सहा वर्षं ज्या हातावर रिपोर्ट गेले त्याच हातात परत ब्रश? मी एवढंच म्हटलं, "होऊ द्या पास. मग बघू."

*

क्रीमची टेस्ट अर्ध्या चेहऱ्यावर होते. डाव्या गालाला क्रीम, उजव्याला काही नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गाल मशीनखाली धरून फरक बघायचा. टेस्टला येतात त्या आसपासच्याच बायका. त्यांना मी बजावून सांगते, "मधल्या काळात क्रीमच्या गालावर दुसरं काही लावलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

दापोडीच्या विमलबाई टेस्टमध्ये होत्या आणि मधेच त्यांच्या लेकीचं लग्न निघालं. हळदीला सगळ्या जावा-नणंदा नवरीच्या आईला हळद फासायला धावल्या. विमलबाईंनी डाव्या गालावर हात ठेवला आणि भर मांडवात ओरडल्या, "हा गाल कंपनीचा आहे! ज्याला लावायची त्याने उजव्याला लावा!"

सोमवारी आल्या तेव्हा उजवा गाल पिवळाजर्द आणि डावा स्वच्छ. फोटोतही तसाच. लग्नाचा अख्खा अल्बम अर्धा पिवळा!

मेघना मॅडमनी कपाळाला हात लावला, कारण उजवा गालही कोराच ठेवायचा होता. हे सांगायला मी विसरले होते. चूक माझी. पण असलं इमान कुठे बघायला मिळतं का, सांगा!

*

दुसरी टेस्ट केसगळतीची. आठवडाभर विंचरताना गळलेले केस पाकिटात घालून आणायचे, आम्ही मोजणार. तेलाने गळती थांबते का, ते त्यातून कळतं.

पहिल्याच आठवड्याला लताबाई पाकीट नाही, चक्क पिशवी घेऊन आल्या. आत हा एवढा गोळा! काळे, पांढरे, मेंदी लावलेले, लांब, आखूड. मॅडम घाबरल्या. "लताबाई, एका आठवड्यात एवढे गळले? डॉक्टरांना दाखवलंत का?"

"छे हो! माझे एकटीचे कसे असतील? शेजारच्या चार घरांतले गोळा करून आणलेत."

"पण का?"

लताबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि खोलीत चहूकडे बघितलं. "ते राहू द्या. भांडी कुठे मांडलीत? मला झाकणाचं पातेलं पाहिजे."

गल्लीत केसांवर भांडी देणारी येते, तोच हिशोब बाईंच्या डोक्यात! मॅडम पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या, त्यांना काही कळेना. मीच लताबाईंना बाजूला घेऊन समजावलं. त्या तडक पिशवी उचलून निघाल्या. म्हणाल्या, "मग तुमच्यापेक्षा ती भांडीवाली बरी!"

*

सुरकुत्यांचा फोटो काढायच्या आधी बायकांना अर्धा तास एसीच्या खोलीत बसवतात. बोलायचं नाही, हसायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. कातडी शांत व्हावी लागते म्हणे.

पहाटे पाचला उठून पाणी भरून, डबे करून, दोन बस बदलून आलेल्या बायका त्या. पाचव्या मिनिटाला सगळ्या गाढ झोपतात. कुणी खुर्चीत, कुणी शेजारणीच्या खांद्यावर. उठवायचं काम माझं. खरं सांगू? जिवावर येतं.

एका टेस्टमध्ये निम्म्या बायकांना औषधाची क्रीम दिली होती आणि निम्म्यांना नुसती कोरी. कुणाला कोणती ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी बघितलं तर कोरी लावणाऱ्यांचे चेहरेही तेवढेच उजळलेले! मॅडम चक्रावल्या. कोरीवाल्या एका बाईला विचारलं, "ताई, तुम्हाला कशाने फरक पडला असं वाटतं?"

"क्रीमचं काही सांगता येत नाही, मॅडम," बाई म्हणाली. "पण ती झोपेची खोली बंद करू नका."

*

पाटील सरांचा मशीनवर फार भरवसा. चेहरा समोर धरला की कातडीचं वय सांगणारं एक यंत्र आहे आमच्याकडे. ते नवीन आलं तेव्हा सर सगळ्यांना म्हणाले, "माणूस चुकतो, मशीन चुकत नाही." आणि स्वतःच पहिले जाऊन बसले.

सरांचं वय एक्केचाळीस. यंत्राने अठ्ठावन्न सांगितलं.

सरांनी रुमालाने यंत्राची काच पुसली. मग म्हणाले, "सर्व्हिसवाल्याला फोन लावा."

*

विंचरताना मी बटेशी बोलते. सवयच आहे. पोरींना म्हणायचे तसंच तोंडात येतं, "हलू नको!"

एकदा शाम्पूच्या कंपनीचे मोठे साहेब बघायला आले. सुटाबुटातले. मी पाठमोरी, मला पत्ताच नाही. ते मागून हळूच वाकले, तेवढ्यात बट फिरली आणि मी खेकसले, "ए, हलू नको म्हटलं ना!"

माझे पन्नास हात झाले. कंगवा कागदावर दोनदा ठोकला, केस मोजले, आकडा लिहिला आणि वळले. तर साहेब दोन्ही हात बाजूला चिकटवून, श्वास रोखून उभे! शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसे.

नंतर पाटील सर माझ्यावर चिडले. "शकूताई, ते आपले क्लायंट आहेत!"

म्हटलं, "पण हलले नाहीत हो. शहाणे आहेत."

*

आता मशीनचं सांगते.

मशीनवाले इंजिनीअर दोन दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले. माझा हात किती जोराने पडतो, किती वेगाने येतो, कुठे थांबतो, सगळं लिहून घेतलं आणि मशीनमध्ये भरलं. शेवटचे दोन ठोके मात्र लिहिले नाहीत. म्हणाले, "ताई, ही तुमची सवय आहे. मशीनला नसते."

मी सांगायला तोंड उघडलं, तर पाटील सर म्हणाले, "शकूताई, त्यांना त्यांचं काम करू द्या."

मी तोंड मिटलं. माझं तोंड मिटलं की घरात पोरी घाबरतात. सरांना ते माहीत नव्हतं.

पास करायच्या दिवशी तेच सुटाबुटातले साहेब आले. नवीन शाम्पूच्या दहा बटा मशीनला लावल्या. काचेचं झाकण बंद झालं. कंगवा वर-खाली, वर-खाली, अगदी माझ्यासारखा. पन्नास हात झाले. खालच्या पांढऱ्या ट्रेवर कॅमेरा फिरला आणि आकडा आला शून्य. दुसरी बट, शून्य. तिसरी, शून्य. दहाच्या दहा शून्य!

टाळ्या वाजल्या. पेढ्यांचा डबा फुटला. साहेब म्हणाले, "आता बाटलीवर छापू, एकही केस तुटत नाही!" सरांनी मशीनच्या पाठीवर थाप मारली, पोरगं पहिलं आल्यासारखी.

मी पलीकडे बेसिनला बाटल्या धूत होते. सकाळीच तिकडे पाठवलं होतं मला. एक पेढा तिथेही आला. मी तो तसाच ठेवला आणि मेघना मॅडमना हाक मारली.

"मॅडम, शून्य? देवाच्या मूर्तीचे केस विंचरले काय?"

मॅडम थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "शकूताई, या जरा इकडे."

मी ओल्या हातांनीच गेले. साहेबांनी मला येताना बघितलं आणि दोन्ही हात बाजूला चिकटवून सरळ उभे राहिले. मी काचेचं झाकण उघडलं. काळा कंगवा, त्याच्या दातांत खोल गेलेले काळे केस. कंगवा काढला आणि पांढऱ्या कागदावर ठोकला. एकदा, दोनदा.

कागद काळा झाला.

इंजिनीअर आपली वही चाळायला लागले. मॅडम खाली वाकून केस मोजायला लागल्या, तीस झाले, चाळीस झाले, तरी संपेनात. साहेबांनी हातातला अर्धा पेढा हळूच डब्यात परत ठेवला.

पाटील सरांनी घसा साफ केला. "शकूताई, बाटल्या राहू द्या. इथे बसा. मशीनशेजारी."

म्हटलं, "हात ओले आहेत, सर. पुसून येते. तोवर तिला सांगा, हलू नको!"