पी समनियंगचा गोल झालेला चेहरा

पी समनियंगला पुड्या मीच विकल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

थायलंडातल्या आमच्या नोंगवाएंग गावात माझं किराणा दुकान, आणि समोरच तिचं खांबांवरचं घर. घराखालच्या सावलीत तिचा माग. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला पी, म्हणजे थोरली बहीण म्हणायचे. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातचं रेशीम नेसून लग्नाला उभ्या राहिल्या. भातलावणीला ती कधी गेली नाही. बाहेर पडलीच तर लांब बाह्या, हातमोजे, तोंडाला फडकं. नुसते डोळे उघडे. गोरेपणाचा तिला भारी तोरा. आम्ही रापलेल्या बायका तिला चिडवायचो आणि मनातून जळायचो.

चाळिशी उलटली आणि तिच्या कंबरेत, मांड्यांत, पायांच्या नळ्यांत ठणका सुरू झाला.

"कामपुन, दे गं काहीतरी," ती एक दिवस दुकानात येऊन म्हणाली. "मागावर बसले की उठवत नाही."

मी पुडी दिली. इवल्याशा पिशवीत पाच रंगांच्या पाच गोळ्या. कुठली कशाची ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. शहरातून एक माणूस आणून द्यायचा, आम्ही विकायचो. दुसऱ्या दिवशी ती दिवेलागणीपर्यंत मागावर बसली.

मग रोज एक. वर्षभरात तिचा चेहरा भरला, गोल झाला, गालांवर लाली आली. "सुनेच्या हातचं मानवलं वाटतं," बायका म्हणायच्या. आमच्याकडे भरलेला चेहरा म्हणजे तब्येत. मी गिऱ्हाइकांना तिच्याकडे बोट दाखवून पुड्या खपवल्या. 

सात वर्षांनी तिचे पाय सुजले. एका सकाळी मागावरून उठताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. पडली नाही, आपटली नाही, नुसती उठली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलेली, ड जीवनसत्त्व नावापुरतं.

"मावशी, औषधं काय काय घेत होतात? दुकानातल्या पुड्या वगैरे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

 समनियंगनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरचाच झाडपाल्याचा काढा," ती म्हणाली. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

मग मूत्रपिंडाचं काम करायला पोटाला नळी आली. दिवसातून चार वेळा पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काढायचं. ते सून करायची. मी दुकानातल्या पुड्या जाळल्या. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं एवढं कानावर आलं होतं, म्हणून रोज सकाळी तिला खुर्चीसकट उन्हात नेऊन बसवायचे.

"जन्मभर जपलेली कातडी, तू काळी करून ठेव," ती कुरकुरायची.

"होऊ दे काळी. हाडं तर धरतील."

तीन महिन्यांनी मी मोठ्या तोऱ्यात हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऊन चांगलंच. पण उन्हातून मिळालेलं जीवनसत्त्व हाडांना उपयोगी पडेल असं करायचं शेवटचं काम मूत्रपिंडाचं. यांचं मूत्रपिंडच उरलं नाही. आम्ही दिलेल्या हाडांच्या गोळ्या चालू ठेवू, पण हाडं फार पोखरलीत."

पावसाळ्यात नुसत्या खोकल्यानं तिची बरगडी मोडली. त्या दुपारी तिनं मला बोलावून घेतलं.

"पुडी दे."

"नाही, पी. त्यानंच हे सगळं झालं."

"ठाऊक आहे. दवाखान्याच्या भिंतीवर बंदीच्या पुड्यांचं चित्र लावलंय, शेजारी माझ्यासारखा सुजलेला गोल चेहरा. मी त्या पहिल्याच दिवशी पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं दुकान गेलं असतं." तिला धाप लागली. "धडधाकट होते तेव्हा रोज दिलीस. आता मरायला टेकले, तर तुला पुण्य सुचलं होय?"

एक पुडी मी माझ्या पाठीसाठी डब्यात लपवून ठेवली होती. ती आणली. एकेक गोळी तिच्या जिभेवर ठेवली, वर चमच्यानं पाणी. मूत्रपिंडं गेल्यापासून पाण्याचीही तिला मोजदाद होती.

तासाभरानं तिच्या कपाळावरची आठी गेली.

"तुझ्या हाताला गुण आहे, कामपुन," ती म्हणाली.

टोमणा असता तर सोसला असता. ती मनापासून बोलली होती.