वरून दिसलेला उतार

नकाशा कार्यालयात तिला सगळे डोंगरबाई म्हणत. जन्मात एक टेकडी धड चढली नव्हती. कार्यालयाचा जिना चढतानाही मध्ये थांबून दम खायची. पण उपग्रहाने दोन बाजूंनी टिपलेली चित्रं पडद्यावर जुळवून, खास चष्मा लावून बसली, की असे डोंगर उभे करायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

या उपग्रहाची एक खोड होती. दाट रानात त्याला जमीन दिसत नसे, झाडांचे शेंडे दिसत. मग त्यातून झाडांची उंची वजा करायची. कुठलं झाड किती उंच, हे कोण बघत बसणार? सगळ्या रानाला एकच आकडा लावायचा, ही कार्यालयाची जुनी रीत. तिनेही ती डोळे झाकून पाळली.

शहराबाहेर, रानाच्या उताराखाली नवी वसाहत झाली, तेव्हा धाकट्या बहिणीने तिथे घर घ्यायचं मनावर घेतलं. मेहुणे मात्र अडून बसले.

"डोंगर उशाला घेऊन झोपायचं कशाला?"

डोंगरबाईने आपणच काढलेला नकाशा त्यांच्यापुढे पसरला. "हे बघा, उतार कसा एकसारखा आहे. ना ओढा, ना घळ. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

"तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार!" मेहुणे हसले, आणि राहायला गेले.

घळ होती. घळीत ओल असते, उजेड कमी. तिथली झाडं उजेडासाठी उंच वाढतात आणि त्यांचे शेंडे काठावरच्या शेंड्यांना येऊन मिळतात. वरून सगळं सारखं. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत एकालाही रानात जाऊन बघावंसं वाटलं नाही.

पाऊस लागून राहिला आणि सगळा डोंगर त्या घळीतून खाली आला. बहीण कामावर होती म्हणून वाचली. मेहुणे घरी होते.

ढग हटल्यावर नवी चित्रं आली. झाडं वाहून गेली होती; उघडी पडलेली घळ आता आंधळ्यालाही दिसली असती. वसाहतीवर साचलेल्या चिखलाचा थर मोजायचं कामही डोंगरबाईकडेच आलं. घरं आडवी झालीच होती, वर दोन मजले बुडतील एवढा चिखल. ती तिथेच हमसून रडली. शेजारचे मान खाली घालून काम करत राहिले. आकडा त्यांनीही तोच लावला असता.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती वसाहतीच्या जागेवरून हलायला तयार नव्हती.

"माझ्याकडून चुकलं गं," डोंगरबाई म्हणाली. "ती घळ मी नकाशात दाखवलीच नाही. त्यांना तिथे मीच धाडलं."

पलीकडे खोदयंत्राची घरघर चालू होती.

"ते मग बोलू," बहीण म्हणाली. "हे लोक भलतीकडेच खणतायत. तुला वरून दिसतं ना ताई? आमचं घर कुठे होतं, तेवढं सांग."