भुईनिंबाचा अर्क

भरवेलीच्या खाण कामगारांच्या वसाहतीतून पीएच.डी.ला गेलेली पहिली मुलगी म्हणजे चैतराम मेश्रामांची रीना. बालाघाटच्या जंगलात उगवणारं, तापावर ज्याचा कडू काढा घरोघर पाजतात ते भुईनिंब, हाच तिचा विषय. त्यातलं एक द्रव्य मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मारतं का, हे ती नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासत होती. काचेच्या थाळीत पेशी मरताना दिसल्या, तेव्हा आनंदाच्या भरात तिने आईला, आनंदीबाईंना, फोन केला होता.

उन्हाळ्यात ती घरी आली तर आई निम्मी झालेली. शौचातून रक्त जातंय, हे तिने सगळ्यांपासून लपवलं होतं.

"काहून सांगितलं नाही, आई?"

"तूच त म्हणे, भुईनिंबानं क्यान्सर मरते. मी रोज काढा पिऊन राह्यली."

रीना तिच्याजवळ जाऊन बसली. मग आईचा हात धरून म्हणाली, "थाळीतल्या पेशी मेल्या म्हणून माणूस बरा होत नाही वं. याचं औषध व्हायले लय वर्षं लागतीन. तुह्यापाशी तेवढा वेळ नाही. नागपूरले तपासून घेऊ, गाठ असन त आपरेशन करू."

"आपरेशन नाही करत मी."

"माह्या अभ्यासावर भरोसा आहे ना तुहा? मंग माह्यावरही ठेव."

आनंदीबाईंनी उठून काढ्याचं भगोणं मोरीत उपडं केलं.

नागपुरात तपासणीत कर्करोगाची गाठ निघाली, पण ती आतड्याबाहेर पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पुढे सलाइनमधून औषधं झाली. केस गळले, जेवण जाईना. रीना दिवसभर प्रयोगशाळेत राबायची आणि संध्याकाळी आईला चमच्याने पेज भरवायची.

दोन वर्षांनी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "मग होईल का याचं औषध?"

"आज सांगता येणार नाही, सर. उंदरांमधल्या गाठी लहान झाल्या आहेत. माणसांपर्यंतचा रस्ता लांब आहे, पण आम्ही त्याला लागलो आहोत."

पदवी जाहीर झाली तेव्हा पहिल्या रांगेतून सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती आनंदीबाईंनी. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या तपासणीत कर्करोगाचा मागमूसही नसल्याचं सांगितलं होतं.

दोघी परतल्या तेव्हा वसाहतीत ढोल वाजू लागला. शेजारची कमला हळूच म्हणाली, "वैनी, मलेही रक्त पडते कधी कधी."

"उद्याच दवाखान्यात जाऊ दोघी," आनंदीबाई म्हणाल्या. "आज मातर नाचू दे मले."

आणि उभ्या वसाहतीसमोर पदर खोचून त्या नाचल्या.