तिसरी गाठ अजून आहे

मी वाचायला शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. आमच्या कोल्हारच्या घरात पाटपाण्यापासून रेशनपर्यंत प्रत्येक अडचणीवर पत्रक निघायचं आणि शेवटची ओळ ठरलेली असायची: आता थांबायचं नाही.

म्हणून नगरच्या डॉक्टरबाई “आपण थांबू” म्हणाल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझी भाची, भावाची मुलगी, जेमतेम महिन्याची होती. इकोच्या पडद्यावर तिच्या हृदयात तीन गाठी दिसत होत्या. हा कॅन्सर नाही, रक्ताची वाट अडलेली नाही, ठोके नीट आहेत. लहान मुलांतल्या अशा गाठी बहुतेक वेळा आपोआप आटतात, असं त्या सांगत होत्या. दूध पिताना धाप लागली, ओठ निळे पडले किंवा आकडी आली, तर मात्र लगेच आणायचं.

आपोआप? आमच्या घरात आपोआप काही झालेलं मला आठवत नाही.

परतताना एसटीतच मी मोबाईलवर पत्रक लिहिलं: ‘गरिबाच्या लेकराचं ऑपरेशन का टाळता?’ घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील मान डोलवत होते. भाचीला पाजणारी वहिनी वर न बघता म्हणाली, “ताई, छाती फाडायची लई घाई झालीय व्हय तुमाला? छाती हिची हाय, पत्रकाची न्हाई.”

“मग काय, नुसतं बसायचं?”

“बसतंय कोण? हिचे ओठ बघा. पिऊन हुईस्तोवर नजर हलवायची न्हाई.”

ते काम माझ्याकडे आलं. एकदा ओठ निळे वाटले म्हणून मी सगळ्यांना जेवणावरून उठवलं. अंगणात नेलं तर गुलाबी. वहिनीनं भाचीचं निळं झबलं बदललं.

पुढच्या इकोत दोन गाठी दिसल्या नाहीत, तिसरी लहान झाली होती.

“पण कशानं आटल्या?” मी विचारलं.

“ते अजून नीट कळलेलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तपासायला मात्र येत राहा.”

वडील म्हणाले, “लोकांना कळायला हवं. लिही.” मी मथळा लिहिला: ‘थांबा’. लगेच धसका बसला. हे वाचून कुणी डॉक्टरकडे न जाताच थांबलं तर? खोडला. दुसरा सुचेना.

“ताई, पाजायला घेतलीय हिला!” आतून वहिनीची हाक आली.

मी कागद तसाच टाकून उठले.