सरांचा चोर आणि नवे नियम

लाखनीला हायवेवर दीपमालाचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नाही. शाई संपेल म्हणून काळजी, संपली नाही तर वाळेल म्हणून काळजी. पण यंदा दिवाळीत तिला जी काळजी लागली, ती ऐकून तिच्या आईने कपाळावर हात मारून घेतला असता. तिला एका चोराचा जीव वाचवायचा होता, आणि तो चोर कागदावरचा होता.

त्याचं असं झालं. दीपमाला नागपूरला कॉलेजात असताना होस्टेलमध्ये एक खेळ शिकली. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. राक्षस पुढ्यात आला तर काय करणार ते ज्याने त्याने बोलून सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. नियमांच्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स, तीही झेरॉक्सवरून काढलेली, तिने सोबत आणली होती. दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून खेळ चाले. दीपमाला गोष्ट सांगे. खताच्या दुकानातला कमलेश योद्धा होई, आरोग्य केंद्रातली नर्स प्रतिक्षा वैद्यीण होई, आणि परसराम सर चोर होत.

परसराम सर म्हणजे जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेतला खडूचा तुकडासुद्धा कधी घरी नेला नाही. पेन्शनचे कागद घेऊन दुकानात आले, टेबलावर वीस बाजूंचा फासा दिसला, "हे काय होय?" म्हणून बसले ते बसलेच. या सज्जन माणसाला चोरी करण्यात असा आनंद मिळे की विचारू नका. जुन्या नियमांत चोराच्या कागदावर त्याचे गुण टक्क्यांत लिहिलेले असत. भिंत चढणं सत्त्याऐंशी टक्के, खिसा कापणं वीस टक्के. सर म्हणत, "जिंदगीभर पोट्ट्याइचे टक्के काढले, आता माझे निघून राहिले." राक्षस कितीही थोर असो, सर आधी त्याचा खिसा कापायला जात.

मागच्या उन्हाळ्यात सर वारले. पुढच्या रविवारी तिघं जमले. मग कमलेशने सरांचा कागद आपल्यापुढे ओढला आणि त्यांच्या वतीने फासा टाकला. तेव्हापासून चोर आळीपाळीने सगळ्यांकडे असे. आल्या आल्या पहिला प्रश्न तोच, "आज सर कोनाकडे?"

आता जुना नियम मोठा निर्दय होता. प्रत्येकाचा जीव आकड्यात मोजलेला असे; तो शून्यावर आला की माणूस मेला, सुनावणी नाही. पण राक्षसाचा फासा दीपमालाकडे असे, आणि ती तो ए-फोर कागदाच्या खोक्याआड टाके. सरांच्या चोरावर वार आला की ती खोक्यामागून म्हणे, "हुकला." नेमबाजीत इतके कच्चे राक्षस कुठल्याच गोष्टीत नसतील. पण खरं बोललं तर चोर मरणार, आणि चोर मेला की रविवारी कोणी येणार नाही, असं तिला वाटे. त्यापुढचा विचार ती करतच नसे.

अशात तिचा धाकटा भाऊ अतुल दिवाळीला पुण्याहून खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती घेऊन आला. जाडजूड, गुळगुळीत, रंगीत. "ताई, तुझं ते जुनं भंगारात दे."

नव्या पुस्तकात टक्के गेले होते. भिंत चढायला आता चोरच लागत नव्हता, कोणीही चढू शके. आणि शून्यावर आलेला माणूस लगेच मरत नव्हता, बेशुद्ध पडे. मग सगळ्यांसमोर फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर जगण्याच्या बाजूची एक खूण, खाली आले तर मरणाच्या. ज्या बाजूला आधी तीन खुणा होतील तसा निकाल. मधल्या वेळात सोबत्याने उपचार केला तर तो उठूनही बसे.

"हे बराबर हाये," प्रतिक्षा म्हणाली. "मानूस असा पटकन मरते का? आम्ही सलाईन लावतोच ना जी."

कमलेशलाही पटलं. अतुलने उत्साहाने सगळ्यांचे कागद नव्याने लिहून काढले, सरांचाही. दीपमालाने मात्र खोक्याकडे पाहिलं. चोर एकदा का पडला, की पुढचे फासे उघड्यावर. तिथे तिचं खोकं काय कामाचं? आठवडाभर ती लोकांच्या सातबाऱ्यांच्या कोऱ्या बाजू छापत राहिली.

रविवार आला. गोष्टीतल्या पुलावर राक्षस उभा होता. दीपमालाने त्याला मुद्दाम कमलेशच्या योद्ध्यावर सोडलं. पण सर त्या दिवशी कमलेशकडेच होते. "सर जातेत खिसा कापाले," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? राक्षस वळला. दीपमाला खोक्याआड वाकली आणि म्हणाली, "हुकला."

"ताई," कमलेश हळूच म्हणाला, "फासा पडल्याचा आवाज नाही आला."

तिने खोकं जवळ ओढलं, तरी तो थांबला नाही.

"सर गेल्यापासून त्याइच्या वेळेले येतच नाही. आम्ही बहिरे आहोत का?"

"मंग बोलले काहून नाही इतके दिवस?" तिने विचारलं.

प्रतिक्षा म्हणाली, "आमालेही पाहिजेच होते ना सर."

दीपमालाने खोकं उचलून खाली ठेवलं. सगळ्यांसमोर फासा टाकला. अठरा. वार बसला, चोर शून्यावर आला.

कमलेशने सरांचा फासा तिच्याकडे सरकवला. "तूच टाक." सात पडले. मरणाची एक खूण. पुढच्या फेरीला चार. दोन खुणा. मग प्रतिक्षाची पाळी आली. तिची वैद्यीण चोराला खेटून उभी होती. नुसता हात लावला असता तरी सर उठून बसले असते.

"उठवू का, ताई?"

"यात खोटं काही नाही," अतुल म्हणाला. "नियमच हाये तसा."

सर गेल्यापासून दीपमालाला नेमकं हेच तर हवं होतं. तिने सरांचा कागद पाहिला. अक्षर अतुलचं होतं. टक्के कुठेच नव्हते. भिंत चढण्याची जी ऐट सर मिरवत, ती आता कोणाच्याही वाट्याला होती. उठवून बसवला असता तर उठलेला तो कोण असता, ते तिला सांगता आलं नसतं.

"नको उठवू," ती म्हणाली. "कितीदा उठवाचं त्याइले? जाऊ दे."

तिने फासा टाकला. दोन पडले. मरणाची तिसरी खूण.

सर गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती दिवसभर चहाचे कप वाटत फिरली होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता ती कागदावर हात ठेवून बसली. "सर गेले," ती म्हणाली.

"हो ताई," कमलेश म्हणाला. "गेले."

आणि ती मोठ्याने रडायला लागली.